हत्तीचा कायदा

फार जुनी गोष्ट. किती जुनी म्हणून विचारू नका. जिथे ही घडली त्या राज्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही, मग मला कुठून आठवणार? पण गोष्ट आठवते, आणि ती सांगितल्याशिवाय मला काही चैन पडत नाही. तेव्हा पोरांनो, पुढे सरका. आणि पोरांच्या आडून कान देणाऱ्या मोठ्या माणसांनो, तुम्हीही बसा निवांत. खरं म्हणजे ही गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

त्या राज्यात एक राजा होता. मनाने वाईट नव्हता बरं का. पण त्याला एक वेड होतं, हत्तींचं! सकाळी उठला की हत्ती, दुपारी हत्ती, झोपेतही पुटपुटायचा तो हत्तींचीच नावं. राणीसाहेब रुसून बसल्या तरी त्याला पत्ता नसायचा, पण हत्तीने कान हलवायचे थांबवले की राजवैद्याला बोलावणं जायचं.

या राजाच्या तरुणपणी एक हत्ती बिथरला होता. बिचारा उपाशी होता, भर उन्हात दगड ओढत होता, आणि वर माहुताने त्याला अंकुश टोचला. मग काय विचारता! सोंडेला लागेल ते त्याने उलथून टाकलं. अर्धा बाजार भुईसपाट झाला. सरदार म्हणाले, हत्तीला मारून टाका. राजा म्हणाला, थांबा, आधी त्याला काय झालं ते तरी बघू. बघितलं, आणि सारा प्रकार कळल्यावर राजाने हत्तींसाठी एक कायदाच करून टाकला.

हत्तीला उपाशीपोटी कामाला जुंपायचं नाही, असा तो कायदा. ऊन उतरेपर्यंत त्याला सावलीत विसावा द्यायचा. गाभण हत्तिणीला जड कामाला लावायचं नाही, आणि पिलू दूध पितं आहे तोवर तिला कामावर बोलवायचंच नाही. हत्तीच्या हातून, म्हणजे सोंडेतून, काही चूक झाली तर आधी चौकशी. हत्तीला बोलता येत नाही, म्हणून माहुताने त्याची बाजू मांडायची. ती ऐकून घेतल्याशिवाय हत्तीला हत्तीखान्यातून काढायचं नाही. आणि कुणी हत्तीला उपाशी ठेवून जुंपलंच, तर त्या माणसाने, मग तो कुणी का असेना, त्या हत्तीचं पोट भरेपर्यंत स्वतः पाण्याचा घोटही घ्यायचा नाही आणि आपल्या डोक्यावरून त्याचा चारा वाहायचा.

दर दसऱ्याला या कायद्याची गावोगाव दवंडी पिटली जायची. त्यामुळे लहानथोर सगळ्यांना तो पाठ होता.

आता हत्तीखान्याच्या भिंतीला लागून काय होतं सांगू? मुदपाकखाना. म्हणजे राजवाड्याचं स्वयंपाकघर हो! तिथे रांगेने चुली, मोठमोठी पातेली, पाटे, वरवंटे, आणि त्यांच्याभोवती घामाघूम झालेली माणसं. या मुदपाकखान्याची एक जुनी रीत होती. महाराज जेवल्याशिवाय चुलीवरच्या कुणीही अन्नाचा घास घ्यायचा नाही. तळहातावर थेंबभर घेऊन चव बघायची तेवढी मुभा. आधीचे राजे सूर्य डोक्यावर यायच्या आत जेवून मोकळे व्हायचे, त्यामुळे त्या रितीचा कुणाला त्रास नव्हता. पण आपला हा राजा! हा हत्तींना नदीवर घेऊन जायचा, त्यांची पाठ घासायचा, त्यांच्याबरोबर ऊस खायचा, आणि दुपार टळली की मग याला जेवणाची आठवण व्हायची. त्याचं पोट उसाने भरलेलं असायचं, त्याला कसली घाई? इकडे चुलीपुढची माणसं मात्र पहाटेपासून कोरडी.

मग एक मजा व्हायला लागली. मजा म्हणतो मी, पण ज्यांच्यावर बेतली त्यांना विचारा! उपाशी स्वयंपाकी तळहातावर आमटीचा थेंब घेई, चाटी, आणि त्याला वाटे, अहाहा, काय झालीये आमटी! मीठ विसरलं असलं तरी अहाहा, आणि दुप्पट पडलं असलं तरी अहाहा. तीच आमटी राजाच्या ताटात गेली की राजा एक भुरका मारून ताट पुढे सरकवायचा.

"ही आमटी आहे की भांडी विसळल्याचं पाणी?"

एवढं म्हणून तो मुदपाकखान्याच्या दारोग्याकडे बघायचा. दारोगा म्हणजे तिथला मुख्य कारभारी. वाळक्या अंगाचा आणि फटकळ तोंडाचा. तो तडक आत जायचा आणि ज्याने आमटी केली त्याच्या हातातली पितळी पळी हिसकावून घ्यायचा. ती पळी राजवाड्याच्या दरवाज्यावर उलटी टांगायची. ज्याची पळी दरवाज्यावर टांगली गेली, त्याला त्या राज्यात कुठेही चुलीचं काम मिळायचं नाही. लग्नाच्या पंगतीत नाही, देवळाच्या भंडाऱ्यात नाही, धर्मशाळेतही नाही. माणूस कायमचा उठला!

एक आचारी गेला. दुसरा आला, तोही गेला. तिसरी आली, तिचीही पळी टांगली. नवीन माणूस आलं की तेही पहाटेपासून उपाशी, मग त्याची तरी जीभ जागेवर राहणार कशी? पण हे कुणी विचारलंच नाही. दारोगा म्हणायचा, "हल्ली कामाची माणसंच मिळत नाहीत." अहो, मिळत होती! टिकत नव्हती. दोन्हींत फरक आहे, पण तो कळायला थोडं थांबून विचार करावा लागतो, आणि थांबायला आहे कुणाला वेळ?

तर या मुदपाकखान्यात म्हाळसा नावाची एक बाई आमटीच्या चुलीवर होती. हाताला चव होती तिच्या. स्वभावाने मात्र तिखट, कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, आणि म्हाळसेशिवाय कमावणारं दुसरं कुणी नाही. म्हणजे ती पळी गेली की घरातली चूल गेली, एवढा साधा हिशेब. म्हणून बाई जिभेवर ताबा ठेवून राहायची. तिला ते किती जड जायचं ते तिचं तिलाच ठाऊक.

तिच्या शेजारी साळू नावाची एक तरुण बाई वाटण वाटायला बसायची. ती पोटुशी होती, दिवस भरत आलेले. तरी पाट्यावरून सुटका नव्हती. पद्धतच नव्हती ना तशी!

एके दिवशी दुपार टळली तरी राजाचा पत्ता नव्हता. कळलं की दौलत नावाच्या लाडक्या हत्तीने बागेची भिंत पाडली आहे, आणि हत्तीखान्यात त्याची चौकशी भरली आहे. म्हणजे आज जेवायला आणखी उशीर. आणि एवढ्यात साळूच्या हातातला वरवंटा निसटला.

"म्हाळसाकाकू, डोळ्यांपुढे अंधारी येतेय हो," असं म्हणत ती भिंतीला टेकली. ओठ पांढरेफटक पडले होते.

म्हाळसेने मागचापुढचा विचार केला नाही. तव्यावरची भाकरी उचलली, चतकोर मोडली, वर गुळाचा खडा ठेवला आणि साळूच्या तोंडात घास घातला.

"चाव आधी. बोलू नकोस. चाव म्हणते ना!"

साळू चावायला लागली. तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. आणि नेमका तेव्हाच दारोगा दारात उभा.

"म्हाळसे! महाराजांच्या आधी घास?"

"दारोगासाहेब, पोरगी कोसळत होती. पोटात जीव आहे तिच्या."

"ते मला सांगू नकोस. पळी आण इकडे."

"अहो, काय झालं ते तरी विचारा!"

"विचारायची इथे पद्धत नाही," दारोगा म्हणाला. "आजवर कुणाला विचारलं, म्हणून तुला विचारू?"

घ्या! आजवर विचारलं नाही, हेच पुढे न विचारायचं कारण. अशा उत्तरापुढे डोकं आपटून घ्यावं असं वाटतं की नाही? पण म्हाळसेने डोकं आपटलं नाही. पळी दारोग्याच्या हातात दिली, पदर खोचला आणि ती बाहेर पडली. साळू मागून रडत राहिली.

बाहेर जायची वाट हत्तीखान्यावरून होती. तिथे मोठी गर्दी जमलेली. मधोमध दौलत उभा, त्याच्या शेजारी पांढऱ्या भुवयांचा म्हातारा माहूत, आणि समोर चौरंगावर खुद्द महाराज, हातात उसाचं कांडं. म्हाळसा गर्दीच्या कडेला थांबली. घरी जाऊन सासूला काय सांगायचं, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता.

माहूत सांगत होता, "महाराज, भिंत पाडली हे खरं. पण दौलत असा नाही. सकाळी खाल्लं का, खाल्लं. झोप झाली का, झाली. मग पाय बघितले. डाव्या पायाच्या तळव्यात काटा आहे. दुखत होता म्हणून त्याने पाय झाडला आणि भिंत मध्ये आली."

राजा उठला, त्याने स्वतः तो काटा काढला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "याला पाय बरा होईपर्यंत विश्रांती. खुराक नेहमीचाच चालू ठेवा. भिंतीचा दोष याच्यावर नाही." लोकांनी माना डोलावल्या. दौलतने राजाच्या हातातला ऊस काढून घेतला.

आणि म्हाळसेच्या डोक्यात तिडीक गेली. एवढा वेळ भूक होती, भीती होती. ती सगळी कुठल्या कुठे गेली आणि नुसता संताप उरला. भिंत पाडणाऱ्याला विचारतात, आणि घास भरवणाऱ्याला विचारायची पद्धत नाही!

तेवढ्यात राजाने रिवाजाप्रमाणे विचारलं, "हत्तींविषयी आणखी कुणाची काही फिर्याद?"

"आहे, महाराज!"

सगळ्यांनी वळून बघितलं. म्हाळसा गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"बोल बाई," राजा म्हणाला. "कुठल्या हत्तीची?"

"दोन हत्तिणी आहेत, महाराज. आपल्याच आवारातल्या. एकीला पहाटेपासून कामाला जुंपतात. समोर चाऱ्याच्या राशी रचलेल्या असतात, पण दुपार टळेपर्यंत तोंड लावायची बंदी."

राजाच्या कपाळाला आठी पडली. "माझ्या आवारात? भर उन्हात काम?"

"उन्हात असतं तर परवडलं असतं. विस्तवासमोर, महाराज."

गर्दीतून हळहळ उठली. राजा चौरंगावरून पुढे सरकला.

"दुसरीचे दिवस भरत आलेत. तिलाही सुट्टी नाही, तिला दगडाशी जुंपलंय. आज ती कोसळायच्या बेताला आली, तेव्हा पहिलीने घासभर चारा उचलून तिच्या तोंडात घातला. बस्स, एवढाच गुन्हा. त्यावरून पहिलीला हाकलून दिली. चौकशी नाही, तिची बाजू मांडायला कुणी नाही. आता या राज्यात तिला कुणी दारात उभं करणार नाही."

राजा ताडकन उभा राहिला. "हत्तिणीने हत्तिणीला घास भरवला म्हणून हाकललं? कोण तो निर्दय माणूस? आजच्या आज त्याला शिक्षा! कायद्यात आहे ती, रतीभरही कमी नाही!"

"तो कुणीही असला तरी, महाराज?"

"कुणीही! माझा सख्खा भाऊ असला तरी. हा माझा शब्द आहे. आणि ती हत्तीण कुठे आहे? आधी तिला समोर आणा."

"समोरच उभी आहे, महाराज," म्हाळसा म्हणाली.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग एक सरदार खो खो हसला, आणि त्याच्या मागोमाग सगळी गर्दी. राजाचा चेहरा लाल झाला.

"बाई, माझी थट्टा करतेस?"

"थट्टा कसली हो, महाराज! मी हत्तीण नाही, एवढं मलाही कळतं. मी आपल्या मुदपाकखान्यातली आमटी करणारी म्हाळसा. दुसरी ती वाटण वाटणारी साळू. पण या राज्यात हत्तीला कायदा आहे आणि आम्हाला नाही. मग मी काय करू? आजच्या दिवस मला हत्तीण समजा, आणि हत्तीला देता तेवढा न्याय मला द्या. जास्त एक कणही नको."

हसणं थांबलं. एका बाजूने हुंदका ऐकू आला, कुणाचा होता कोण जाणे.

मग पांढऱ्या भुवयांचा माहूत पुढे आला आणि म्हाळसेच्या शेजारी उभा राहिला. "महाराज, हत्तीची बाजू मांडायला माहूत लागतो. या बाईंना माहूत नाही. आज मी आहे."

आणि जसं दौलतचं विचारलं होतं, तसंच त्याने विचारायला सुरुवात केली. साळूला बोलावलं. तिला आधार देऊन दोघींनी आणलं. सकाळी खाल्लं होतं का? नाही. विसावा मिळाला का? नाही. कालही असंच? कालही, परवाही, रोजच. शेवटी दारोगा आला. त्याच्या हातात अजून म्हाळसेची पळी होती.

"तू यांना उपाशी ठेवतोस?" राजाने दरडावून विचारलं.

"रीत आहे, महाराज," दारोगा चाचरत म्हणाला. "आपण जेवल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही."

"मग मी कधी जेवतो?"

राजाने वर बघितलं तर सूर्य कलला होता. त्याने आपल्या ओठांवरून हात फिरवला. हाताला उसाचा चिकटा लागला.

"म्हणजे यांना उपाशी ठेवणारा मीच," तो हळूच म्हणाला.

हसणारा सरदार लगबगीने पुढे आला. "छे छे, महाराज! कायदा जनावरांसाठी आहे. माणसं बोलू शकतात. त्यांना त्रास असता तर त्यांनीच नसतं का सांगितलं?"

"आता सांगितलं तेव्हा तू हसलास," राजा म्हणाला, आणि सरदार मागे सरकला.

राजाने पायातले जोडे काढले. अंगावरचा शेला कमरेला बांधला. "शब्द दिलाय मी. चला, चारा कुठे आहे?"

मंडळी, तो दिवस बघायला मी असतो तर! राजा डोक्यावर भाकऱ्यांची टोपली घेऊन मुदपाकखान्यातून बाहेर येतोय, पाय पोळताहेत, घामाने कपाळाचं गंध ओघळतंय, आणि अंगणात स्वयंपाकी, पाणके, वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका ओळीने जेवायला बसल्यात. पहिला घास साळूला. दुसरा म्हाळसेला. म्हाळसेने मान खाली घातली होती. पण लाजून नव्हे हो, डोळे पुसत होती. राजाने तिची पळी तिच्या हातात दिली. मग ज्यांच्या पळ्या दरवाज्यावर टांगलेल्या होत्या त्या सगळ्यांना घोडेस्वार पाठवून बोलावून घेतलं. राजाने स्वतः शिडीवर चढून एकेक पळी उतरवली आणि ज्याची त्याला परत केली. माणसं येत होती, राजा वाढत होता. मध्ये कुणीतरी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. "अजून नाही," तो म्हणाला. गावकरी भिंतीवर चढून बघत होते आणि दर टोपलीला जयजयकार करत होते.

दिवेलागण झाली, शेवटचा माणूस हात धुऊन उठला, तेव्हा कुठे राजा पाटावर टेकला. भुकेने पोटात कावळे ओरडत होते. म्हाळसेने सकाळी केलेली आमटी त्याच्या वाटीत वाढली. राजाने भुरका मारला आणि डोळे मिटले.

"वा! वा! म्हाळसाबाई, अशी आमटी मी जन्मात खाल्ली नाही!"

आता तृप्त झालेल्या आचाऱ्यांना राहवेना. एकाने बोटभर आमटी चाखली. त्याचं तोंड वाकडं झालं. दुसऱ्याने चाखली, त्याचंही तेच. म्हाळसेने स्वतः चाखली आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! महाराज, हिच्यात मीठच नाही हो!"

राजा वाटीकडे बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता तो एकदम गंभीर झाला. "म्हणजे इतके दिवस आमटी बिघडत होती ती यामुळे! पोट रिकामं असलं की जिभेला सगळंच गोड. आणि मी मात्र माणसं बदलत बसलो."

इथे गोष्ट संपली असं समजून उठू नका. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारोग्याला दरबारात उभं केलं. लोक आधीच जमले होते. ज्यांच्या पळ्या टांगल्या गेल्या होत्या ते सर्वांत पुढे. "हाकला त्याला! आत्ताच्या आत्ता हाकला!" असा एकच गलका झाला. एक आचारी ओरडला, "याचीच पगडी दरवाज्यावर उलटी टांगा!" राजानेही हात उचलला होता. एक शब्द, आणि दारोगा देशोधडीला लागला असता.

"थांबा!" म्हाळसा ओरडली. "आधी विचारा त्याला."

लोक चवताळले. "अगं, त्याने तुला विचारलं होतं का?"

"नाही विचारलं. म्हणूनच तर काल माझा जीव तळमळला. तोच प्रकार आज मी त्याच्या बाबतीत कसा होऊ देईन? कायदा काय फक्त आपल्या आवडत्या माणसांसाठी मागितला मी?"

माहूत पुन्हा पुढे आला आणि या वेळी दारोग्याच्या शेजारी उभा राहिला. बाजू तर कुणीतरी मांडायलाच हवी होती.

दारोगा पुढे झाला. "महाराज, पळ्या मीच टांगल्या. खोटं बोलत नाही. आमटी बिघडली की आपण ताट सारायचात आणि माझ्याकडे बघायचात. मला वाटायचं, आज कुणाला काढलं नाही तर मलाच काढतील. घरी माझीही चार तोंडं खायला आहेत." मग खाली बघून म्हणाला, "आणि मीही पहाटेपासून उपाशीच असायचो. चुलीवरच्यांना नाही विचारलं कुणी, तसं मलाही नाही विचारलं."

म्हाळसेने तोंडावर हात ठेवला. रोज डोळ्यांसमोर असलेला माणूस, पण तोही उपाशी आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुढच्या रांगेतला तो ओरडणारा आचारीही खाली बसला.

राजाने निवाडा दिला. "तुझी भूक खरी, तुझी भीतीही खरी. पण चूकही खरी. माणसाला न विचारता त्याची भाकरी तोडलीस. तेव्हा ज्यांना ज्यांना काढलंस, त्या प्रत्येकाच्या दारी जा आणि माफी माग. यापुढे कुणाला कामावरून काढायचा अधिकार तुला नाही. तुझी जागा मात्र राहील. रोज सूर्य डोक्यावर यायच्या आत मुदपाकखान्यातल्या सगळ्यांना जेवायला बसवायचं, हे तुझं काम. एकही माणूस उपाशी राहिला तर जाब तुला."

दारोगा ढसाढसा रडला. कुणी त्याला हसलं नाही.

मग राजा उभा राहिला आणि त्याने नवा कायदा जाहीर केला. हत्तींना जे होतं ते सगळं माणसांनाही. भरल्या पोटी काम, कामाच्या मध्ये विसावा. बाळंतीण होणाऱ्या बाईला सुट्टी, आणि परत येईपर्यंत तिची जागा तिच्यासाठी राखलेली. कामाचे नियम माणसाला कामावर घेतानाच समजावून सांगायचे. चूक झाली तर आधी चौकशी, बाजू मांडायला सोबती, आणि मगच निर्णय. नियम वाड्यातल्या राजाला जो, तोच चुलीपुढच्या बाईला. या सगळ्यावर लक्ष ठेवायला राजाने एक नवीन पद निर्माण केलं. घोड्यांचा दारोगा होता, कोठाराचा होता, माणसांचा नव्हता. तो मान म्हाताऱ्या माहुताला दिला.

माहूत डोकं खाजवत म्हणाला, "महाराज, काम अवघड आहे. हत्ती दुखरा पाय उचलून दाखवतो. माणसं दुखतं ते लपवतात."

"म्हणून तर तुम्ही हवेत," राजा म्हणाला.

त्याच दिवशी तटबंदीचे गवंडी दरबारात आले, त्यांच्या मागून कोष्टी, त्यांच्या मागून धोबी. कुणाला उन्हाचा जाच होता, कुणाला मुकादमाच्या तोंडाचा. राजाने प्रत्येकाचं ऐकलं. त्या वर्षी तटबंदी नेहमीपेक्षा लवकर उभी राहिली, कापडाला परदेशातून मागणी आली. साळूला मुलगी झाली. पोर अंगावर पिणं सोडीपर्यंत साळू घरी राहिली आणि मग आपल्या पाट्यावर परत येऊन बसली. राजवाड्यातलं जेवण असं झालं की शेजारचे राजे तहाचं बोलणं करायला मुद्दाम जेवणाच्या वेळी यायचे, आणि आपल्या राज्यातले चांगले कारागीर इकडेच का पळताहेत म्हणून आपापसांत कुरकुरायचे. म्हाळसा मात्र आमटीच्या चुलीवरच राहिली, पोटभर जेवून, मिठाचा हात न चुकवता, आणि जिभेवरचा ताबा पार सोडून देऊन!

तेव्हा लहानांनो आणि थोरांनो, ज्याच्याकडून काम करून घ्यायचं आहे त्याचं पोट आधी बघावं, चूक झाली तर त्याचं म्हणणं आधी ऐकावं, आणि निवाडा सर्वांत शेवटी करावा.